वॉर्डाचा फेरफार कोणाकडे?

१५ जानेवारी २०२६ ला महापालिकेचं मतदान झालं त्या दिवशी माझा भाचा आयुष्यात पहिल्यांदा मत द्यायला गेला. यादीत नाव आलेलं, सकाळी सकाळी अंघोळ करून तयार, मला म्हणे मामा चल लवकर. रांगेत उभं असताना त्याने सहज विचारलं, मागच्या वेळी आपल्याकडून कोण निवडून आलं होतं आणि किती मतांनी? मी सांगायला गेलो तर आमच्या चार नगरसेवकांपैकी दोन नावं आठवली, उरलेली दोन काही केल्या आठवेनात, आणि मतं तर कोणाचीच नाही. पुढे एक तात्या उभे होते त्यांनी तिसरंच नाव घेतलं. मागून एक मावशी म्हणाल्या नाही हो, ते तर नाल्यापलीकडच्या वॉर्डातले. मग या दोघांचंच जुंपलं की नाल्यापलीकडचा भाग तेव्हा आपल्यात होता की नव्हता. शेवटी काठी टेकून बसलेले एक बाबा म्हणाले, "आपला जुना वॉर्ड आते शेच कोठे भो." म्हणजे तो वॉर्ड आता आहेच कुठे.

त्या दिवसापासून हे वाक्य डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसलो.

आधी आमचं सांगतो. आम्ही धुळ्याच्या कडेला राहतो, हद्दवाढीतले लोक. २०१८ च्या सुरुवातीला धुळे महापालिकेत आजूबाजूची ११ गावं घेतली, त्यातलं एक आमचं. त्याच्या आधी आमची ग्रामपंचायत होती, तिचे वॉर्ड होते, प्रत्येक वॉर्डाचे दोन-तीन मेंबर, आणि कुठल्या गल्लीतून कोण निवडून येतं, कोण किती मतांनी पडलं हे पोराटोरांनाही पाठ असायचं. ग्रामपंचायतीच्या ऑफिसात एक लाकडी फळा होता, निळ्या ऑइलपेंटवर पांढऱ्या अक्षरात सरपंचांची नावं आणि पुढे कार्यकाळ, या तारखेपासून त्या तारखेपर्यंत. खानदेशात बहुतेक गावात असा फळा सापडेल. एका सरपंचावर अविश्वास आला होता तर त्याचाही कार्यकाळ तिथे तसाच आहे, अर्धवट, काही महिन्यांचा. कोणी ते खोडलं नाही. गाव महापालिकेत गेलं, ऑफिसातलं सामान हललं, आणि तो फळा मागच्या खोलीत जुन्या टेबलाच्या मागे उलटा टेकवून ठेवलेला मी स्वतः पाहिला. कोणी मुद्दाम केलं असं म्हणत नाही. फळ्याचं काय करायचं हे कोणाला सांगितलंच नव्हतं एवढंच.

आता माझा मुद्दा असा आहे. शेताचा सातबारा घ्या. जमीन विकली, वाटणी झाली, बापाच्या जागी पोरांची नावं लागली, तर प्रत्येक बदलाची फेरफार नोंद होते, गाव नमुना ६ मध्ये. सातबाऱ्यावर त्या फेरफाराचा नंबर असतो, तो धरून मागे मागे जाता येतं, पणजोबापर्यंत जाता येतं. १९४७ च्या एकत्रीकरण कायद्याने गावोगावी जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, पण जुना सर्व्हे नंबर कुठला आणि नवा गट कुठला याचा मेळ घालणारे उतारे निघाले, आजही कोर्टात भांडण लागलं की वकील तेच कागद पहिले मागतो. म्हणजे दोन गुंठ्यांचा तुकडा इकडचा तिकडे झाला तरी सरकार लिहून ठेवतं. आणि पाच-सहा हजार माणसांचा वॉर्ड इकडचा तिकडे झाला, नंबर बदलला, तीन तुकडे होऊन तीन प्रभागात गेला, तर त्याची एका जागी, सामान्य माणसाला बघता येईल अशी नोंद नाही. वॉर्डाला फेरफार नाही. मला हे बरोबर वाटत नाही आणि यात बदल झाला पाहिजे असं माझं ठाम म्हणणं आहे.

वॉर्ड किती वेळा बदलतो याचा अंदाज नव्या पोरांना नाही म्हणून जरा सांगतो. आपल्या राज्यात २००२ च्या सुमाराला महापालिकांना तीन-तीन नगरसेवकांचा प्रभाग आला. २००७ च्या निवडणुका आल्या तोपर्यंत परत एक वॉर्ड एक नगरसेवक. २०१२ च्या आसपास दोनचा प्रभाग. २०१६ ला चारचा. २०१९ च्या शेवटी सरकार बदललं तर परत एकचा ठरला, २०२१ ला त्याच सरकारने तीनचा केला, २०२२ ला परत सरकार बदललं आणि परत चारचा. वीस वर्षात सात वेळा. आणि मुंबईत मात्र २२७ वॉर्ड, एक वॉर्ड एक नगरसेवक, हे कायम. मुंबईकराला जे एकाच माणसाचं नाव लक्षात ठेवायची सोय आहे ती धुळे-जळगावकराला का नाही याचं पटेल असं उत्तर मला आजवर कोणी दिलेलं नाही. ज्या पक्षाला वाटतं एकटा उमेदवार चालत नाही पण पॅनल चालतं तो प्रभाग मोठा करतो, ज्याला वाटतं आपले माणसं गल्लीत मजबूत आहेत तो लहान करतो. सगळ्याच पक्षांनी केलंय, त्यामुळे कोणा एकावर ढकलण्यात अर्थ नाही.

आता नंबराची गोष्ट, ही फार कमी लोकांना माहीत आहे. प्रभागांना नंबर द्यायची एक ठरलेली पद्धत आहे, शहराच्या उत्तरेकडून सुरू करायचं, ईशान्येकडे जायचं, मग पूर्वेकडून पश्चिमेला असं वळत वळत शेवट दक्षिणेला करायचा. पद्धत चांगली आहे, मनमानी होत नाही. पण याचा अर्थ असा की उत्तरेला एखादं गाव जोडलं की तिथून पुढे सगळ्या शहराचे नंबर सरकतात. म्हणजे दक्षिणेकडच्या माणसाच्या घराची वीटसुद्धा हललेली नाही, शेजारी तेच, दुकान तेच, मतदानाची शाळा तीच, आणि त्याचा प्रभाग मात्र नंबरने दुसराच होऊन बसतो. मग "प्रभाग अमुक मध्ये मागच्या वेळी कोण होतं" हे तुम्ही शोधायला गेलात तर जे उत्तर मिळेल ते भलत्याच वस्तीचं असतं. मी स्वतः असा फसलोय, जुन्या पेपरात आमच्या नंबरचा निकाल सापडला म्हणून खुश झालो, आणि उमेदवारांची नावं वाचली तर सगळे पार दुसऱ्या टोकाचे.

धुळ्याच्या माणसाला तर हे जास्तच टोचायला पाहिजे. १८१९ च्या सुमाराला कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याची जी सरळ आखणी केली तिच्यातल्या गल्ल्यांना आजही आपण नंबरानेच ओळखतो. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच म्हटलं की रिक्षावाला पत्ता विचारत नाही. दोनशे वर्षं होऊन गेली तरी गल्लीचा नंबर तोच आहे, आणि वॉर्डाचा नंबर पाच वर्षं टिकत नाही. आणि याच शहरात इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे, शेकडो वर्षांपूर्वीची दप्तरं जपून ठेवलेली, समर्थ वाग्देवता मंदिरात हस्तलिखितांची बाडं कापडात बांधून ठेवलेली. जुना कागद कसा सांभाळायचा हे या गावाला कोणी शिकवायची गरज नाही. मग आपल्याच मतांचा वीस वर्षांपूर्वीचा कागद शोधायला एवढी दमछाक का व्हावी?

भाच्याने विचारल्यावर मी खरंच शोधायला लागलो. नोकरी सांभाळून, रविवारी रविवारी. एका सरकारी ऑफिसात गेलो, कुठलं ते महत्त्वाचं नाही, आणि जुन्या निवडणुकीचे बूथप्रमाणे आकडे बघायला मिळतील का विचारलं. तिथले भाऊ चांगले बोलले, खुर्ची दिली, दोन कपाटं उघडूनही बघितली. नंतर म्हणाले, साहेब, तेव्हाची रचना वेगळी होती, तो वॉर्डच आता नाहीये, त्याचं कोण कशाला ठेवेल? त्यांच्यावर माझा राग नाही, पण हे वाक्य मला फार लागलं. वॉर्ड नाही म्हणजे काय? त्या वॉर्डातली माणसं आहेत ना. त्यांनी ऊन्हात उभं राहून दिलेली मतं होती ना. वॉर्ड मोडला म्हणून त्याच्या मतांचा कोणी वारसच उरत नाही असं कसं चालेल?

मग मी दुसरा रस्ता धरला. कोनशिला वाचायला लागलो. हसू नका, मनापासून सांगतो, आपल्या भागातला सगळ्यात पक्का निवडणुकीचा इतिहास दगडावर आहे. समाजमंदिराच्या दाराशेजारी काळी फरशी, तिच्यावर तारीख, "यांच्या शुभहस्ते", खाली "यांच्या प्रयत्नातून", आणि त्यात त्या वेळच्या मेंबरचं किंवा नगरसेवकाचं नाव. पाण्याच्या टाकीखाली एक, रस्त्याच्या कोपऱ्यात एक, मोकळ्या जागेतल्या व्यायामाच्या सामानापाशी एक. एका फरशीवर कोणीतरी चुना फासलेला होता, नखाने खरवडून तारीख वाचली. भाचा मोबाईलमध्ये फोटो काढत होता आणि मी वहीत लिहीत होतो. तीन रविवारात आमच्या भागातली सतरा फरशा सापडल्या. त्यातून कोण कधी होतं याची ओबडधोबड रांग लागली. पण दगडावर फक्त जिंकलेला असतो. कोण पडलं, किती मतांनी पडलं, कुठल्या वस्तीने कोणाला दिलं, कुठल्या वेळी लढत चुरशीची झाली, कोणत्या वेळी समोर कोणी उभंच राहिलं नाही, हे दगड सांगत नाही. आणि जे काम झालंच नाही त्याची तर फरशीच बसत नाही.

कोणी म्हणेल एवढं उकरून काढून करायचं काय, रस्ता झाला, नळाला पाणी आलं की बस. तर पाण्याचंच घ्या. आमच्या भागात पाइपलाइन टाकू हे आश्वासन मी ग्रामपंचायतीच्या काळापासून ऐकतोय. ते पहिल्यांदा कोणी दिलं, नंतर कोणी दिलं, कोण त्याच्यावर निवडून आलं, निवडून आल्यावर त्याला ज्या गल्लीने सगळ्यात जास्त मतं दिली तिथे तरी पाणी आलं का, हे ताडून बघायचं असेल तर मागचे निकाल हाताशी पाहिजेत. नाहीतर दर वेळी उमेदवार नवीन होऊन येतो. तोच माणूस, दुसरा पक्ष, दुसरा प्रभाग, आणि म्हणतो मला एक संधी द्या. मतदाराने आठवण काढली की सांगतो, तेव्हा तुमची कॉलनी माझ्यात नव्हतीच भाऊ. आणि आपल्याकडे त्याला दाखवायला कागद नसतो, म्हणून आपण गप्प बसतो.

चारच्या प्रभागात हे अजून अवघड झालंय. जळगावचा हिशोब करून बघा, २०११ च्या जनगणनेत महापालिकेची लोकसंख्या ४,६०,२२८ आणि नगरसेवक ७५. म्हणजे एका नगरसेवकामागे सहा हजारांच्या वर माणसं, हे ठीक आहे, सहा हजार माणसात एक माणूस ओळखीचा होऊ शकतो. पण प्रभाग १९, अठरा प्रभाग चारचे आणि एक तीनचा. म्हणजे एका प्रभागात चोवीस-पंचवीस हजार माणसं आणि त्यांना चार जण मिळून जबाबदार. गटार तुंबली की अ म्हणतो ब कडे जा, ब म्हणतो तो भाग क बघतो. आपसात त्यांनी वाटून घेतलेलं असतं, पण ते वाटप कुठे लिहिलेलं नसतं, मतदाराला तर कोणी विचारलेलंच नसतं.

मतदानाच्या खोलीतलं एक डोळ्यासमोर घडलेलं सांगतो. चार जागा म्हणजे चार मतं, प्रत्येक जागेचा रंग वेगळा, पांढरा, फिकट गुलाबी, फिकट पिवळा, फिकट निळा. चारही मतं दिल्याशिवाय मशीनचा शेवटचा मोठा बीप वाजत नाही. माझ्या पुढे एक आजी होत्या, नऊवारी, हातात चष्म्याचं खोकं. त्यांनी एक बटण दाबलं आणि निघाल्या. साहेबांनी थांबवलं, आजी अजून तीन बाकी आहेत. आजी परत गेल्या, एक दाबलं, परत निघाल्या. परत बोलावलं. तिसऱ्यांदा त्या पडद्याच्या आडून म्हणाल्या, "बाकीसना माले नावबी माहीत नही बेटा, कोनले देऊ?" त्यांना कोणी काही सांगू शकत नव्हतं, नियमच तसा आहे. शेवटी बीप वाजला, त्या बाहेर आल्या, पण ती शेवटची दोन मतं कोणाला गेली आणि का गेली हे त्यांनाही सांगता येणार नाही. नोटाचं बटण असतं पण ते कशासाठी हे त्यांना कोण समजावणार.

इथे दुसऱ्या बाजूचं पण नीट ऐकून घेतलं पाहिजे, कारण त्यात दम आहे. माझी बहीण, म्हणजे भाच्याची आई, ती बचत गटाचं काम करते. तिचं म्हणणं आहे की तू एकच्या वॉर्डाचं एवढं कौतुक करू नको दादा. एकच्या वॉर्डात सोडतीत महिला आरक्षण निघालं तर त्याच माणसाची बायको उभी राहते, पाच वर्षांनी आरक्षण उठलं की ती घरी आणि तो परत खुर्चीवर. चारच्या प्रभागात निम्म्या जागा महिलांच्या असतात, दर वेळी असतात, त्यामुळे एखाद्या बाईने काम केलं तर तिला पुढच्या वेळी त्याच भागात उभं राहायला जागा राहते, सगळा वॉर्डच तिच्या पायाखालून निघून जात नाही. १९९३ ला ७४ वी घटनादुरुस्ती लागू झाली तेव्हा एक तृतीयांश जागा महिलांना आल्या, २०११ ला आपल्या राज्याने त्या निम्म्या केल्या, आणि ती म्हणते त्या निम्म्या जागांचा खरा उपयोग व्हायचा तर सलगता पाहिजे. शिवाय गल्लीतल्या एकाच घराण्याची जी दादागिरी असते ती मोठ्या प्रभागात जरा पातळ होते, लहान समाजाच्या माणसाला पॅनलमध्ये तरी जागा मिळते. हे तिचं म्हणणं मी खोडू शकत नाही. खोडायचंही नाही.

पण मी तिला एकच विचारलं. ज्या बाईने काम केलं असं तू म्हणतेस तिने काम केलं हे पुढच्या वेळी लोकांना कशावरून कळणार? प्रभागाची हद्द बदलली, तिचा अर्धा भाग दुसरीकडे गेला, तर तिची सलगता कुठे राहिली? एकचा वॉर्ड ठेवा नाहीतर चारचा, भांडण त्याच्यावर करता येईल, मी अजूनही एकच्याच बाजूचा आहे. पण जो ठेवाल तो दोन निवडणुका तरी हलवू नका, आणि हलवलाच तर जुन्याचा आणि नव्याचा मेळ लिहून ठेवा. यावर बहीण म्हणाली हे बरोबर आहे, आरक्षणाची सोडतसुद्धा मागे कुठली जागा कशी राखीव होती हे बघूनच फिरवायची असते, मग रचनाच नवी झाली की मागचं बघणार कसं. हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, तिच्याच नावावर टाकतो. रचना नवीन म्हणून आरक्षणाचं चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं तर ज्या वस्तीची पाळी येणार होती तिची पाळी मागे जाते, आणि त्या वस्तीला ते समजतसुद्धा नाही कारण तिच्याकडे मागची यादी नाही.

आठवण नसली की काय होतं याचं मोठं उदाहरण आपल्या जळगावचं आहे. ऑगस्ट २०१८ ला निकाल लागला, भाजप ५७, शिवसेना १५, एमआयएम ३. लोकांनी एका पक्षाला डोळे झाकून बहुमत दिलं. मार्च २०२१ ला महापौराची निवडणूक आली आणि शिवसेनेच्या उमेदवाराला ४५ मतं, भाजपच्या उमेदवाराला ३०. म्हणजे कमळावर निवडून आलेले २७ जण अडीच वर्षात दुसऱ्या बाजूला. ते चूक की बरोबर हे ज्या त्या पक्षाच्या माणसाने ठरवावं, काहींच्या वॉर्डातले लोक म्हणालेही असतील की बरं झालं. माझं म्हणणं वेगळं आहे. त्यानंतर सप्टेंबर २०२३ ला मुदत संपली, प्रशासक आला, आणि परत मतदान झालं ते थेट जानेवारी २०२६ ला. एखाद्या मतदाराला त्या वेळी आपल्या प्रभागातला कोण कुठे गेला होता ते आठवून मत द्यायचं असेल तर त्याला पाच वर्षांपूर्वीची बातमी स्वतः शोधायला लागणार. शंभरात दोघं शोधतील. बाकीच्यांनी पोस्टरवरचा फोटो बघून बटण दाबायचं.

धुळ्यातही तेच. डिसेंबर २०१८ ला ७४ जागा, त्यातल्या ५० भाजपला, आणि आम्हा हद्दवाढवाल्यांचं ते महापालिकेतलं पहिलंच मतदान. डिसेंबर २०२३ ला मुदत संपली आणि दोन वर्षं प्रशासक. घटनेच्या २४३ यू कलमात लिहिलंय की मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आत निवडणूक. ओबीसी आरक्षणाचा आणि प्रभाग रचनेचा घोळ कोर्टात अडकला, मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने घ्या निवडणुका म्हणून सांगितलं तेव्हा कुठे हलले. म्हणजे वॉर्डाची रेघ कुठे मारायची या भांडणात वॉर्डातल्या माणसाचा प्रतिनिधीच दोन वर्षं नव्हता. आमच्या गावाला तर ना सरपंच ना नगरसेवक. ग्रामपंचायत असताना सरपंचाच्या ओट्यावर जाऊन बसता येत होतं, प्रशासकाच्या दालनाबाहेर चिठ्ठी देऊन बसायला लागतं. एवढा फरक पडतो.

आता पुढचं, आणि घाई याचीच आहे. आत्ताच्या सगळ्या रचना २०११ च्या जनगणनेवर चालल्यात. पुढची जनगणना मार्च २०२७ ची तारीख धरून होते आहे. तिचे आकडे आले की परत नव्याने रेघा मारल्या जाणार, सदस्यसंख्या बदलणार, नंबर सरकणार. म्हणजे जानेवारी २०२६ ला ज्यांना निवडून दिलं त्यांचा प्रभागसुद्धा पुढच्या वेळी "जुनी रचना" होणार आणि कोणीतरी टेबलामागून सांगणार की तो वॉर्ड आता नाहीये. ते व्हायच्या आत कागद नीट करून ठेवायला पाहिजेत, आणि ते काही अवघड नाही. रचना करताना जनगणनेचे प्रगणक गट, म्हणजे मोजणीसाठी पाडलेले घरांचे छोटे गट, धरतात, कुठला गट कुठल्या प्रभागात हे तेव्हा लिहिलेलंच असतं. विधानसभेची मतदार यादी फोडून प्रभागाची यादी बनते, म्हणजे यादीचा कुठला भाग कुठे गेला हेही लिहिलेलं असतं. मतमोजणीला बूथवर किती मतं पडली ते टेबलावर मोजलंच जातं. विधानसभेला फॉर्म २० मध्ये बूथवार आकडे येतात आणि ते घरी बसून बघता येतात, त्यामुळे विधानसभेला आमच्या शाळेच्या बूथवर कोणाला किती मतं पडली ते माझा भाचा दोन मिनिटात काढून दाखवतो. महापालिकेच्या प्रत्येक निवडणुकीचं तसंच का नको? बूथवार निकाल, आणि त्याच्यासोबत एक पान, की मागच्या प्रभागातल्या या वस्त्या, या कॉलन्या, आता या नव्या प्रभागात. तेच वॉर्डाचं फेरफार. ते पान प्रभागाच्या ऑफिसात भिंतीवर लावा, आणि शेजारी ग्रामपंचायतीसारखा फळा, कोण होतं, कधीपासून कधीपर्यंत, किती मतांनी आलं, मध्येच पक्ष सोडला असेल तर ती तारीखसुद्धा.

रचनेचा मसुदा निघाला की हरकती घ्यायला थोडेच दिवस देतात. त्या वेळी हरकत घेतात ते बहुतेक इच्छुक उमेदवार, आणि त्यांची हरकत असते की अमुक वस्ती माझ्यात टाका, तमुक काढा. साध्या मतदाराची हरकत फारशी जात नाही, आणि सुनावणीत सगळं भांडण मतांच्या गठ्ठ्यांवर चालतं. पुढच्या वेळी आम्ही आमच्या कॉलनीतून एकच मागणी लिहून द्यायचं ठरवलंय की मसुद्यासोबत जुन्या-नव्याचं पान जोडा, आणि बचत गटाच्या बायका म्हणाल्या त्याही सह्या करतील. बहिणीने त्यात आरक्षणाच्या मागच्या सोडतीची यादी पण जोडायला लावली आहे.

तो फळा आता भाच्याने बाहेर काढलाय. ओल्या फडक्याने पुसला, दोन नावांचा रंग पोपडे धरून निघालाय पण वाचता येतो. त्याचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला तर रात्री अकरापर्यंत मेसेज चालू होते, कोणी म्हणे या सालची निवडणूक चिठ्ठी टाकून लागली होती, कोणी म्हणे माझे आजोबा सात मतांनी पडले होते, एकाने तर त्या वेळचं पत्रक टाकलं, घडीच्या जागी फाटलेलं, चिन्ह छत्री. अशी पत्रकं, मतदानाच्या जुन्या स्लिपा, पोलिंग एजंटची कार्डं, मोजणीच्या दिवशी वहीच्या पानावर मांडलेली बेरीज, हे तुमच्याही घरात माळ्यावर नाहीतर ट्रंकेत पडलेलं असणार. धुळ्यात देवपूरकडच्यांनी, नदीपलीकडच्यांनी, जळगावात पिंप्राळा-मेहरूणकडच्यांनी, कोणीही. रद्दीत द्यायच्या आधी मोबाईलने फोटो काढा आणि फोटोवर तीन गोष्टी लिहा, साल, तेव्हाचा वॉर्ड नंबर, आणि आज त्या जागेला काय म्हणतात ते.